चिनी मल्लविद्येंतील निकाली झुंज व बेतलेली झुंज

कुस्तीच्या फडाशीं ज्याचा थोडाबहुत संबंध आलेला आहे त्यास 'नुरा कुस्ती' म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. कोणी पडावयाचें व किती वेळानें पडावयाचें हें दोघां मल्लांनीं आधींच ठरविलेलें असतें. प्रेक्षकांस मात्र घाम, धाप आणि अंगास लागलेली माती हीं तिन्ही खरींच दिसतात, कारण तीं खरींच असतात. खोटा असतो तो एकटा निकाल. फडांत केस पांढरे झालेला वस्ताद अशी कुस्ती दुरून ओळखतो. पण ती कशावरून ओळखली असें त्यास विचारावें तर तो हंसून दुसरा विषय काढतो. झुंज खरी कीं बेतलेली हें ओळखावें कसें, हा प्रश्न चीनच्या युद्धकलांच्या इतिहासांत फार जुना आहे. आणि तेथें तो फडापुरता न राहतां सैन्य, बाजार, मठ व अखेरीस राष्ट्राभिमान यांच्यापर्यंत जाऊन पोंचलेला आहे. म्हणून त्याचा थोड्या विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

अडचण अशी कीं, चीनमध्यें ही एकच विद्या तीन घरीं नांदली. शिपाई ती जीव वांचविण्यासाठीं शिकला, बाजारांतला खेळ्या पोट भरण्यासाठीं शिकला, आणि गांवांतला किंवा मठांतला शिष्य शरीर व मन कमावण्यासाठीं शिकला. पुष्कळदां हीं तिन्ही घरें एकाच माणसाचीं असत. सैन्यांतून सुटलेला शिपाई पेठेंत खेळ करी आणि म्हातारपणीं शिष्य जमवी. त्यामुळें हाताची एकच फेंक एके ठिकाणीं घाव, दुसऱ्या ठिकाणीं अभिनय व तिसऱ्या ठिकाणीं व्यायाम ठरे. नुसत्या हालचालीकडे पाहून तिचा अर्थ लावूं जाणारा फसावयाचाच. इतिहासकारापुढें तर हालचालहि नसते. त्याच्यापुढें असते ती विजयाची कथा, आणि ती बहुधा विजेत्याच्याच शिष्यानें लिहिलेली.

आमचें मत असें आहे कीं, रक्त किती सांडलें, वेग किती होता, मुद्रा किती क्रुद्ध होत्या, हीं गमकें कुचकामाचीं आहेत. खरी झुंज ती कीं जिचा शेवट कोणाच्याच हातीं नव्हता. आणि अशी झुंज कागदावरहि एक खूण ठेवून जाते. ज्यांनीं ती भरविली त्यांनाच ती बहुधा गैरसोयीची झालेली असते. नियम मध्येंच बदलावे लागतात, सामना थांबवावा लागतो, निकाल सांगतांना पंच अडखळतात. बेतलेल्या झुंजीची हकीकत मात्र तेल लावलेल्या दांडपट्ट्यासारखी गुळगुळीत असते.

बाराव्या शतकांत उत्तरेकडील राजधानी कायफेंग शत्रूच्या हातीं गेल्यावर सुंग दरबार दक्षिणेस लिन्‌आन येथें, म्हणजे आजच्या हांगचौ शहरीं, स्थिरावला. त्या शहराच्या वैभवाचीं टिपणें वू झमू नांवाच्या एका गृहस्थानें पुढें 'मेंग लियांग लू' या ग्रंथांत करून ठेविलीं. ग्रंथाचें नांवच मोठें उदास आहे: राळे शिजेपर्यंत पडलेल्या स्वप्नाच्या नोंदी. चुलीवर राळे शिजत असतां डुलकी लागलेल्या एका माणसानें स्वप्नांत सारें आयुष्य भोगलें, अशी एक जुनी चिनी गोष्ट आहे, तिच्यावरून तें घेतलेलें आहे. या नोंदींत कुस्त्यांविषयीं जो मजकूर आहे तो आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें सोन्याच्या मोलाचा आहे. शहरांतील करमणुकीच्या पेठांतून जे मल्ल खेळ करीत ते फिरस्ते लोक असून पैसा मिळविण्यासाठीं टोळी करून येत, असें वू सांगतो. खेळाच्या आरंभीं स्त्रियांच्या कांहीं जोड्या 'ता थाओ-झ' करीत, म्हणजे ठरीव डाव खेळून दाखवीत. गर्दी जमली म्हणजे मग दणकट पुरुष एकमेकांस भिडत. आणि लागलीच तो पुढें म्हणतो कीं, हूग्वो मठाजवळ दक्षिण शिखरावरील उघड्या चौथऱ्यावर ज्या कुस्त्या होत त्यांची गोष्ट वेगळी. तेथें प्रांतोप्रांतींचे अजिंक्य मल्ल निवडून आणावे लागत, आणि जिंकणारास निशाण, चांदीचा पेला, रेशमी वस्त्रें, किनखापी अंगरखा, सरकारी नोटा व घोडा असें इनाम मिळे. प्रधान ज्या स्सदाव याच्या अमदानींत, १२६० नंतरच्या कांहीं वर्षांत, वनचौ येथील हान फू नांवाच्या मल्लानें तें मिळविलें आणि त्यास सैन्यांत एक लहानसें पदहि देण्यांत आलें.

या उताऱ्यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लेखकाचा स्वर. ठरीव डावांचा तो तिरस्कार करीत नाहीं व चौथऱ्यावरील कुस्तीचे पोवाडेहि गात नाहीं. दोन निराळ्या वस्तूंना दोन निराळीं नांवें आहेत, एवढेंच तो जाणतो. ज्याला स्वतःचें नांव आहे तें सोंग फसवणूक नव्हे. तमाशांतील राजा खरा राजा नाहीं म्हणून कोणी फिर्याद करीत नाहीं. दुसरें असें कीं, दक्षिण शिखरावरील विजेत्यास दरबार सैन्यांत घेत असे. इनाम देणारासच जेव्हां त्या मनगटाचा पुढें उपयोग करून घ्यावयाचा असतो, तेव्हां तो सहसा नुरा चालूं देत नाहीं. पेठेंतल्या प्रेक्षकाला ती काळजी नसते. त्याचा पैसा करमणुकीसाठीं गेलेला असतो व करमणूक त्याला मिळालेली असते. (त्याच सुंग काळांत, १०६२ सालीं, सुप्रसिद्ध इतिहासकार स्समा ग्वांग यानें बादशहाकडे अर्ज करून दीपोत्सवांतील स्त्रियांच्या कुस्त्यांस हरकत घेतली होती. हरकत मर्यादेविषयीं होती. त्या कुस्त्या खऱ्या होत्या कीं ठरीव, हा प्रश्न इतक्या मोठ्या इतिहासकारासहि सुचला नाहीं, याचें आम्हांस थोडें नवल वाटतें.)

नांवांची ही सीमा पुढें पुसट झाली आणि तिची पहिली सडेतोड तक्रार एका सेनापतीनें केली. मिंग राजवटींतील ची जीग्वांग (१५२८–१५८८) हा पूर्व किनाऱ्यावर धुमाकूळ घालणाऱ्या चांच्यांशीं लढला. त्यासाठीं जुन्या पलटणींवर भिस्त न ठेवतां त्यानें चज्यांग प्रांतांतील खेडवळ, काटक माणसें भरती केलीं, आणि त्यांस शिकविण्याकरितां १५६० च्या सुमारास 'जीश्याव शिनशू' हा ग्रंथ रचला. त्यांत मुष्टियुद्धाचाहि अध्याय आहे. पण त्याच्या आरंभींच तो सांगून टाकतो कीं, मोठ्या लढाईंत या विद्येचा प्रत्यक्ष उपयोग नाहीं. हातपाय मोकळे करण्यापुरती ती नवशिक्याच्या कामाची. त्याचा खरा राग होता तो फुलोऱ्याच्या हातांवर. गिरक्या, उड्या, भोंवताली फिरणारी काठी हीं पाहणाराच्या डोळ्यांस गोड लागतात. पण सैन्याच्या रांगेंत खांद्यास खांदा लागलेला असतो, समोरून भाल्यांचें रान येत असतें आणि आपल्या बाजूनेंहि भाल्यांचें रानच पुढें जावयाचें असतें. तेथें डावीउजवीकडे उडी मारण्यास जागाच कोठें आहे, असा त्याचा रोकडा सवाल आहे.

मग शिपायाचें कसब पारखावें कसें? भालाइतासाठीं त्यानें सांगितलेली परीक्षा मोठी गंमतीची आहे. एका उभ्या फळीस डोळा, गळा, छाती, कंबर व पाय यांच्या जागीं पांच भोंकें पाडावयाचीं आणि प्रत्येकांत इंचभर व्यासाचा लांकडी गोळा बसवावयाचा. नगारा वाजतांच शिपायानें वीस पावलांवरून धांवत येऊन भाल्याच्या टोंकानें गोळा उचलून न्यावयाचा, आणि असें पांचहि भोंकांचें करावयाचें. या परीक्षेंत लांकूड कोणाची भीड धरीत नाहीं, हेंच तिचें मर्म. माणसामाणसांच्या झुंजीविषयींहि त्याचा दंडक स्पष्ट होता: विद्या आली कीं प्रतिस्पर्ध्यावर ती अजमावून पाहिलीच पाहिजे, आणि हरल्याची लाज किंवा जिंकल्याचा अचंबा न वाटूं देतां कां हरलों व कां जिंकलों याचा विचार करावा. चारशें वर्षांपूर्वींच्या या सेनापतीइतका समंजसपणा पुढच्या कित्येक गुरुवर्यांस दाखवितां आला नाहीं.

आतां डोळ्यांनीं काय दिसतें तें पाहूं. चिनी तालमींत दोघांनीं मिळून करावयाच्या ठरीव झुंजीस 'दुइल्येन' म्हणतात. कोणी कोणता घाव घालावा व दुसऱ्यानें तो कसा चुकवावा हें श्लोकासारखें पाठ केलेलें असतें. अंतर, वेळ आणि धीटपणा शिकविण्यासाठीं ती उपयोगी आहे. उत्तम दुइल्येन पाहणें हा आनंदहि आहे. परंतु तींत मूठ कोठें थांबते तें पाहावें. ती प्रतिस्पर्ध्यापासून चार बोटें अलीकडे थांबते, म्हणजे त्यानें ती अडविली नसती तरी ती लागली नसती. घाव घातल्यावर तो हात क्षणभर तसाच पुढें राहतो, कारण दुसऱ्यानें तो धरून मुरगळावयाचा आहे. खऱ्या झुंजींत पुढें गेलेला हात विस्तवास लागल्याप्रमाणें मागें येतो. ठरीव झुंजीस ताल असतो. डोळे मिटून नुसता पावलांचा आवाज ऐकावा, तर मात्रा मोजतां येतात. खरी झुंज बेताल असते. तींत बराच वेळ कांहींच घडत नाहीं; दोघेहि एकमेकांच्या पल्ल्याबाहेर घुटमळत राहतात, प्रेक्षक कंटाळून ओरडूं लागतात, आणि मग दोनचार क्षणांत असा कांहीं गोंधळ उडतो कीं कोणाचा हात कोणास लागला हें शेजारी बसलेल्यासहि सांगतां येत नाहीं. पडणें ही तर सर्वांत बोलकी खूण. खरोखर पडणारा माणूस न पडण्याची धडपड करतो. तो हातांनीं वारा धरतो, वेडावांकडा होतो, प्रतिस्पर्ध्याचा कपडा पकडतो. बेतलेल्या झुंजींतला धक्का लागण्याच्या किंचित् आधींच निघालेला असतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती ऐकून संप्रदायाचा अभिमान बाळगणारांस वाईट वाटेल. खऱ्या झुंजींत संप्रदाय दिसेनासा होतो. करकोच्याचा पवित्रा, वाघाचा पंजा, सापाची जीभ हें सर्व पहिल्या धक्क्याबरोबर गळून पडतें, आणि उरतात दोन दमलेलीं, सावध माणसें. या सर्व खुणांचीहि नक्कल करतां येते, हें कबूल केलें पाहिजे. चित्रपटांच्या दिग्दर्शकांनीं अलीकडे ओबडधोबडपणाहि बेतावयास शिकून घेतलें आहे. म्हणूनच केवळ डोळ्यांवर विसंबून भागत नाहीं, आणि त्या झुंजींत कोणाचें काय पणास लागलें होतें व हरणारानें नंतर काय गमावलें, हें पाहावें लागतें.

येथवर दोन प्रकार झाले. परंतु चीनमध्यें एक तिसरा प्रकार आहे, आणि खरा घोटाळा त्यानेंच केला आहे. ताय-ची संप्रदायांत 'थुइशौ' म्हणून एक अभ्यास असतो. दोघांनीं मनगटास मनगट लावून, एकमेकांचा जोर अजमावीत, दुसऱ्याचा तोल घालवावयाचा. मूळांत हा अतिशय सूक्ष्म व खरा अभ्यास आहे. परंतु गुरूशीं तो करतांना काय होतें? शिष्यानें विधिपूर्वक गुरु केलेला असतो. गुरुवाचक जो 'शिफू' शब्द त्याच्या एका प्रचलित रूपांत 'पिता' हें अक्षरच आहे. पित्याच्या हाताचा जोर शिष्यानें अडवावा कसा? गुरूचा हात लागतांच तो दोन पावलें जास्तच मागें जातो. पाहणारे नवे शिष्य तीन पावलें जातात. कोणीहि कांहीं ठरविलेलें नसतें, कोणी पैसे घेतलेले नसतात, म्हणून यास नुरा म्हणतां येत नाहीं. पण वीस वर्षांनीं गुरूचा नुसता तळहात पुढें येतांच धडधाकट माणसें हवेंत उडूं लागतात. आणि या सोंगाचा पहिला बळी स्वतः गुरुच होतो, कारण त्याचा त्यावर मनापासून विश्वास बसलेला असतो.

अलीकडच्या दोन प्रसिद्ध घटना याच प्रकारच्या आहेत. २०१७ च्या एप्रिलमध्यें छंगदू येथें आधुनिक मिश्र मुष्टियुद्धाचा शिक्षक शू श्यावदोंग व ताय-चीचा आचार्य म्हणविणारा वेइ लेइ यांचा सामना झाला आणि तो अर्ध्या मिनिटाच्या आंत संपला. २०२० च्या मे महिन्यांत मा बाओग्वो नांवाचा एकोणसत्तर वर्षांचा ताय-ची गुरु एका हौशी लढवय्यापुढें उभा राहिला, सुमारें अर्ध्या मिनिटांत तीनदां खालीं पडला व तिसऱ्यांदा त्याला उठतां आलें नाहीं. सगळ्या देशानें त्याची टर उडविली. आम्हांस ती टर फारशी रुचली नाहीं. दोन्ही सामने खरे होते यांत शंका नाहीं. पण त्यांवरून समग्र विद्या खोटी ठरली असें म्हणणें म्हणजे न्यायास सोडून आहे. रोज ठोसे देणाऱ्या व खाणाऱ्या माणसापुढें तो सराव कधींच न केलेला माणूस टिकला नाहीं, एवढेंच त्यांनीं सिद्ध केलें. आणि तें ची जीग्वांगला ठाऊक होतें. मा याच्याविषयीं विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे तो सामन्यास आला ही होय. लबाड माणूस आला नसता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या प्रश्नांत राष्ट्र येऊन उभें राहिलें. परकीयांच्या हातून झालेल्या पराभवांनीं पोळलेल्या समाजास आपले मल्ल अजिंक्य हवे होते. १९१० सालीं शांघाय येथें 'जिंगवू' संस्था निघाली, आणि त्याच वर्षीं तिचा आद्य आचार्य ह्वो युआनज्या मरण पावला. रशियन व इंग्रज पैलवानांस त्यानें नमविल्याच्या कथा पुढें चित्रपटांतून जगभर गेल्या. पण या कथा नीट वाचल्या तर असें दिसतें कीं, प्रतिस्पर्धी सामन्यापूर्वींच माघार घेऊन निघून गेला असें त्यांतील प्रसिद्ध कथा स्वतःच सांगतात. न झालेल्या झुंजीइतका निर्विवाद विजय दुसऱ्या कोणत्या झुंजींत मिळणार!

याच्या उलट उदाहरण १९२८ चें. त्या वर्षीं नानजिंग येथें सेनानी जांग जज्यांग याच्या पुढाकारानें मध्यवर्ती राष्ट्रीय मल्लविद्या संस्था स्थापन झाली. संस्थेंत आरंभीं शाओलिन व वूतांग असे दोन विभाग केले होते. दोन्ही बाजूंचे गुरु एकमेकांशीं हातघाईवर आले आणि विभागच रद्द करावे लागले. ऑक्टोबरांत संस्थेनें राष्ट्रीय परीक्षा घेतली. प्रथम एकेकट्यानें आपले ठरीव हात करून दाखवावयाचे, आणि त्यांत उतरलेल्यांनीं मग चिठ्ठ्या टाकून पडलेल्या जोडीशीं मोकळी झुंज द्यावयाची. वजनाचे वर्ग नव्हते. पुष्कळांस दुखापती झाल्या. शेवटीं निवडक मल्ल उरले तेव्हां, हे आपसांत लढल्यास देशाचे उत्तम गुरुच जायबंदी होतील या भीतीनें, अखेरच्या लढती न होतांच निकाल करण्यांत आला. पहिला, दुसरा असे नंबर न लावतां पंधरा जणांस मिळून सर्वोच्च श्रेणी दिली गेली. पुढच्या वर्षीं, १९२९ च्या नोव्हेंबरांत, हांगचौ येथें पुन्हां चौथरा उभारला गेला. तेथेंहि सामने चालू असतांनाच नियमांत फेरबदल करावे लागले. मात्र या वेळीं शेवटपर्यंत झुंजून वांग झछिंग हा पहिला आला व पांच हजारांच्या इनामाचा धनी झाला. ज्या शहरांत वू झमूनें पेठ आणि शिखर यांतला भेद नोंदविला तेंच हें शहर.

नानजिंगच्या परीक्षेच्याच वर्षीं शांघायच्या एका चित्रपट कंपनीनें 'लाल कमळाच्या मठाचें दहन' या चित्रपटाचा पहिला भाग काढला. त्यांत तरवारी आकाशांत उडत आणि वीर तळहातांतून वीज सोडीत. तीन वर्षांत त्याचे अठरा भाग निघाले. चौथऱ्यावर जखमा झाल्या व पडद्यावर गर्दी झाली. आणि आज कोणी प्राचीन चिनी विद्येचें वर्णन करूं लागला तर तें चौथऱ्यापेक्षां पडद्याशींच अधिक जुळतें.

याच सुमारास तांग हाव नांवाच्या एका वकिलानें कथांचीच झडती घेतली. तो स्वतः मुष्टियुद्ध शिकलेला होता, म्हणून त्याला घाबरविणें सोपें नव्हतें. १९३० मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'शाओलिन वूतांग काओ' या पुस्तकांत त्यानें दाखवून दिलें कीं, भारतीय भिक्षु बोधिधर्मानें शाओलिन मठांत मुष्टियुद्ध शिकविलें या समजुतीस प्राचीन आधार नाहीं. आपल्याकडेहि ही समजूत मोठ्या अभिमानानें सांगितली जाते, म्हणून तिच्या मुळाशीं असलेल्या पुराव्याची जात येथें सांगून ठेवणें इष्ट आहे. बोधिधर्माच्या नांवावर मोडणारा 'यीजिन जिंग' हा स्नायुसाधनेचा ग्रंथ १६२४ च्या सुमाराचा. त्यास सातव्या शतकांतील एका सेनापतीची म्हणून जी प्रस्तावना जोडली आहे तींत एका काल्पनिक कथेंतलें पात्र खऱ्या माणसासारखें अवतरतें. ही प्रस्तावनाहि एक दुइल्येनच म्हणावयाची. हात पुढें करून ठेवला आहे, दुसऱ्यानें तो धरावा म्हणून. मठाच्या भिक्षूंनीं ६२१ सालीं पुढें बादशहा झालेल्या राजपुत्रास युद्धांत मदत केली, याचा मात्र शिलालेख आहे, आणि त्यांत बोधिधर्माच्या मुष्टियुद्धाचें नांवहि नाहीं.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं चिनी पथकानें जर्मनींत जे प्रयोग केले ते ठरीव हातांचे होते व त्याच नात्यानें वाखाणले गेले. १९४९ नंतर नव्या सरकारनें या विद्येला गुण देऊन मोजावयाच्या ठरीव खेळाचें रूप दिलें, आणि मोकळी झुंज पंचवीसएक वर्षें अधिकृत स्पर्धांच्या बाहेर राहिली. १९७९ पासून तिचे पुन्हां प्रयोग सुरू झाले व १९८९ मध्यें तिला राष्ट्रीय स्पर्धेचें स्थान मिळालें. तिला 'सानदा' म्हणतात. आज ठरीव हात व सानदा या एकाच खेळाच्या दोन उघड शाखा आहेत, म्हणजे सुंगकालीन पेठ व शिखर यांचीच वांटणी झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र आमच्या कसोटीला सर्वांत चांगला उतरणारा सामना या दोहोंच्याहि बाहेर, मकाव येथें, १७ जानेवारी १९५४ रोजीं झाला. त्याच्या आदल्या महिन्यांत, ऐन नाताळच्या रात्रीं, हाँगकाँगमधील शेक किप मेइ येथील झोपड्यांस आग लागून पन्नास हजारांवर लोक बेघर झाले होते. त्यांच्या मदतीसाठीं हा सामना ठरला, आणि हाँगकाँगांत परवानगी मिळण्यासारखी नसल्यामुळें पोर्तुगीज मकावांत भरविण्यांत आला. एका बाजूस वू गोंगयी. आजा वू च्वानयौ आणि बाप वू ज्येनच्वान यांच्यापासून चालत आलेल्या ताय-ची परंपरेचा तो कुलपति होता, आणि त्याचें वय पन्नाशीच्या पुढें गेलें होतें. दुसऱ्या बाजूस श्वेत-करकोचा संप्रदायाचा चॅन हाक-फू, वयानें पंधरावीस वर्षांनीं लहान. दोन्ही संप्रदायांच्या शाळा होत्या, शिष्य होते, वर्तमानपत्रांतून वाद झाले होते. हरणाराच्या दारांतून उद्यां शिष्य निघून जातील, हें दोघेहि जाणून होते.

या सामन्याचें थोडें चित्रीकरण सुदैवानें शिल्लक आहे. तें प्रथम पाहणारा निराश होतो. ताय-चीचा तो जलासारखा ओघ कोठें आहे? करकोच्याचे लांब पंख कोठें आहेत? दोघे मान मागें घेऊन लांबून हात फिरवितात, बरेचसे घाव हवेंतच जातात, पाय अडखळतात, पंच मध्यें पडतात. पहिल्याच फेरींत चॅनच्या नाकांतून रक्त आलें. वूलाहि तोंडावर मार बसला. लाथा मारावयाच्या नाहींत असें ठरलेलें असतां दुसऱ्या फेरींत लाथाहि निघाल्या. तेव्हां पंचांनीं सामना थांबविला आणि निकाल जाहीर केला: जय नाहीं, पराजय नाहीं, बरोबरीहि नाहीं. कुस्तीच्या फडांत असा निकाल देणाऱ्या पंचास प्रेक्षकांनीं उचलून बाहेर ठेविला असता. पण या अडखळणाऱ्या वाक्याकडे जरा सहानुभूतीनें पाहावें. सामना बेतलेला असता तर असा निकाल कोणी बेतला असता? दोन घराण्यांची अब्रू राखणारी सन्मान्य बरोबरी ठरविणें किती सोपें होतें! चित्रांतील ओंगळपणा, मोडलेला नियम आणि अर्थहीन वाटणारा निकाल या तिन्ही गोष्टी एकाच दिशेनें बोट दाखवितात. मकावचा सामना खरा होता. त्याला हंसणारे लोक, झुंज सुंदर असावी ही पडद्यानें लावलेली संवय घेऊन हंसतात.

चित्रीकरण नसतें तर काय झालें असतें, तेंहि सांगतां येतें. दहा वर्षांनीं, १९६४ मध्यें, अमेरिकेंतील ओकलंड येथें ब्रूस ली व वाँग जॅक-मन यांची बंद दाराआड झुंज झाली. बघणारे थोडे, चित्र एकहि नाहीं. लीच्या पत्नीच्या सांगण्याप्रमाणें ती तीनएक मिनिटांत लीच्या विजयानें संपली. वाँगच्या बाजूनें ती वीस मिनिटांवर चालली व कोणीहि जिंकलें नाहीं. वाँगनें तर तेथील एका चिनी वृत्तपत्रांतून आपली बाजू मांडून लीला सर्वांसमक्ष पुन्हां लढण्याचें आव्हान केलें. तो दुसरा सामना कधींच झाला नाहीं, आणि दोन्ही कथा आपापल्या शिष्यांच्या घरीं सुखानें नांदत आहेत.

मकावच्या सामन्याची हाँगकाँगांत इतकी चर्चा झाली कीं 'शिन वान पाव' या सायंदैनिकाच्या संपादकानें ती वायां जाऊं दिली नाहीं. त्यानें आपल्या कचेरींतील एका तरुण लेखकास वीरकथा लिहावयास बसविलें. सामन्यानंतर तिसऱ्या दिवशीं, २० जानेवारी १९५४ रोजीं, ल्यांग यूशेंग या टोपणनांवानें 'लुंग हू तौ जिंगह्वा' ही कादंबरी क्रमशः सुरू झाली. पुढच्या वर्षीं त्याच पत्रांत जिन योंग हाहि लिहूं लागला, आणि चिनी वीरकथेच्या नव्या युगास आरंभ झाला. त्या कादंबऱ्यांतील झुंजींत घाव चुकत नाहींत, पावलें अडखळत नाहींत, आणि प्रत्येक झुंजीचा निकाल स्वच्छ लागतो.